अडतीस किलोंचा प्रवासी

१

पाकिटावरचा नंबर बरोबर होता. सुभेदारांची सही बरोबर होती. आत मात्र बत्तीस कोरे कागद निघाले.

हेडक्वार्टरला संध्याकाळी पाकीट उघडलं, आणि त्याच विमानाने ते परत आमच्या तळावर आलं. सोबत एक फोटो आणि एक हुकूम होता. सकाळी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं तेव्हा तिन्ही वस्तू त्यांच्या टेबलावर होत्या. बाहेर धुकं होतं. धावपट्टी कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं.

"बसा, काटेमामा," साहेब म्हणाले.

मी मालाच्या शेडमधला वजनकाटा सांभाळतो. इथून विमानात जे चढतं, माणूस असो की खिळ्यांचं खोकं, ते आधी माझ्या काट्यावर उभं राहतं. एकतीस वर्षं झाली. सगळे मला काटेमामा म्हणतात. बायको रागावली की तीसुद्धा तेच म्हणते.

"या पाकिटात एक फाईल होती," साहेब म्हणाले. "टाचण्याच्या विरुद्धची. आणि ती टाचण्याच्याच हातात देऊन पाठवली होती. आता फाईल नाही."

टाचण्या म्हणजे आमचा लोडमास्टर, विमानात माल रचणारा, बांधणारा, प्रवाशांना पट्टे लावणारा. त्याच्या कॉलरला कायम एक टाचणी खोचलेली असते, म्हणून हे नाव.

भांडण जुनं होतं. सतरा दिवसांपूर्वी लष्करी पोलिसांनी फाटकावर चौदा प्रवासी मोजून आत सोडले, आणि पलीकडे विमानातून पंधरा उतरले. पंधरावं माणूस घोंगडीत गुंडाळलेलं होतं. त्याला तिथूनच दवाखान्याच्या गाडीत घातलं. ते कोण होतं हे टाचण्याने सांगितलं नाही. कॅप्टन म्हणाले, "माझ्या विमानात कोण चढतं ते मी बघतो." पोलिसांचे सुभेदार म्हणाले, "विमानाचं दार माझ्या जमिनीवर उघडतं." त्या दिवसापासून वैमानिकांचे खिसे तपासले जाऊ लागले, आणि सुभेदारांनी नवी पाकिटं आणली. जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची, एकदा चिकटवली की वारासुद्धा आत शिरणार नाही अशी.

"उद्या दुपारच्या विमानाने टाचण्याला तिकडे पाठवायचं आहे, बेड्या घालून," साहेब म्हणाले. "चोरी ठरली तर तुरुंग. नाही ठरली तरी पुन्हा विमानात पाय ठेवता येणार नाही. तोवर काय झालं ते शोधून द्या."

"साहेब, मी काय शोधणार? मी वजनं करतो."

"पोलीस कॅप्टनचं ऐकत नाहीत आणि कॅप्टन पोलिसांचं ऐकत नाहीत. तुमच्या काट्यावर मात्र दोघं मुकाट्याने उभे राहतात."

मी पाकीट उचलून उजेडात धरलं. जोडाच्या कडेने पांढरट रेघा उमटल्या होत्या. कोणीतरी ते जोर लावून ताणल्यासारख्या.

"दिसलं ना?" साहेब हळूच म्हणाले. "हेडक्वार्टरचं म्हणणं, वर गेल्यावर उघडलं, कागद बदलले आणि पुन्हा चिकटवलं. वर पाकिटाजवळ टाचण्याशिवाय कोण होतं?"

२

टाचण्याला घोंगड्यांच्या खोलीत कोंडलं होतं. तो घोंगड्यांच्या थप्पीवर मांडी घालून बसला होता आणि सुतळीच्या एका तुकड्याला गाठी मारत होता, सोडत होता.

"मामा, चहा आणलात की नुसतेच आलात?"

"नुसताच आलो."

"मग बसा. ही तिसरी थप्पी मऊ आहे. काल सगळ्यांवर झोपून पाहिलंय."

खोलीत लोकरीचा वास होता आणि उंचावर एक लहान खिडकी. तिच्यातून येणाऱ्या उन्हात लोकरीचे तंतू तरंगत होते. त्यांच्याकडे बघत राहिलं की कशासाठी आलो ते विसरायला व्हायचं.

"पाकीट तुझ्याकडे कसं आलं?"

"शिडीपाशी पहारेकऱ्याने हातात दिलं. सुभेदारांनी फोटो काढला. मी ते माझ्या सीटवरच्या हुकाला अडकवलं, अकरा लोकांच्या डोळ्यांसमोर. मग वर असताना दोनदा मागे जाऊन पट्टे तपासले, तेव्हा पाकीट काढून सोबत नेलं. ते नजरेआड करायचं नाही असा नियमच आहे. आता तोच गळ्याशी आलाय. मागे कोणी बघत नव्हतं ना."

"आणि उतरताना?"

"उतरताना मी पट्टा लावून प्रवाशांकडे तोंड करून बसतो. दार उघडलं तर समोर तिकडचे पोलीस आणि त्यांचा कॅमेरा." त्याने एक गाठ ओढली. "मी तर त्याला टाचणीसुद्धा लावली नाही. लावायला गेलो होतो. सुभेदार ओरडले, सुई लागली तर छेडछाड समजेन! म्हटलं, बरं बाबा."

तो प्रत्येक बंद पुड्याला टाचणी टोचतो हे मी वर्षानुवर्षं पाहत होतो. का टोचतो, ते कधी विचारलं नव्हतं. तेव्हाही विचारलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच काही होतं.

"सतरा दिवसांपूर्वी," मी म्हणालो, "विमान सुटायच्या आधी तू धावत आलास. म्हणालास, मामा, दोराचं एक भेंडोळं उतरवा."

त्याचे हात थांबले.

"मी उतरवलं. ते अडतीस किलोंचं होतं. तू विमान कधी जास्त भरत नाहीस, एक किलोसुद्धा. म्हणजे अडतीस किलोंची जागा तुला हवी होती."

"त्या दिवशी तुम्ही काही विचारलं नाहीत, मामा."

"नाही विचारलं. चुकलंच माझं."

"मग आजही विचारू नका." तो खिडकीकडे बघत राहिला. "मी शब्द दिलाय. नाव सांगितलं तर कदाचित मी सुटेन. पण ज्याचं काही चुकलेलं नाही असं एक माणूस अडकेल."

"आणि तू तुरुंगात गेलास तर?"

"माझ्या मुलीला सांगितलंय, बाबा लांबच्या फेरीवर आहे." तो हसला, पण ओठांपुरतंच. "ती सात वर्षांची आहे. आठवडाभर खरं वाटेल तिला."

३

कॅप्टन विमानातच बसले होते. विमान उभं होतं, पंखे थांबलेले, धुक्यात अर्धं बुडालेलं. दारातून आत गेलं की एखाद्या मोठ्या माशाच्या पोटात शिरल्यासारखं वाटतं. मी आतापर्यंत दारापर्यंतच आलो होतो. उडालो कधी नव्हतो.

"या, मामा. तुम्हालाही पाठवलं का माझे मोजे तपासायला?"

"तुमचे मोजे मी लांबूनच ओळखतो, कॅप्टन."

ते हसले. मग पुन्हा चिडले. "काल माझ्या फ्लास्कमध्ये बोट घालून पाहिलं त्यांच्या माणसाने! चहात काय रणगाडा लपवला होता मी? वीस वर्षं आंधळ्या पावसात विमान उतरवतोय आणि हे मला विचारतात, झाकण का घट्ट आहे."

"टाचण्याने फाईल बदलली असेल?"

"टाचण्या? त्याला फाईल नाहीशी करायची असती तर तो ती खिडकीबाहेर टाकून म्हणाला असता, हो, टाकली. त्याला लपवाछपवी येत नाही. गप्प बसता येतं, ते वेगळं."

त्यांच्या सीटशेजारच्या कप्प्यात पाण्याची एक रिकामी बाटली होती. कोणीतरी मुठीत धरून चिरडावी तशी ती चोपलेली होती.

"हिच्यावर राग काढलात वाटतं?" मी विचारलं.

"मी हातसुद्धा नाही लावला. काल वर असताना पाणी संपवलं आणि झाकण लावून ठेवली. खाली आलो की होते अशी." त्यांनी झाकण फिरवलं. बाटलीने मोठा श्वास घेतला आणि पुन्हा गोल झाली. "आपलं विमान जुनं. आत हवा कोंडून धरत नाही. वर बाहेर जेवढी विरळ, तेवढीच आत. ती विरळ हवा बाटलीत बंद केली आणि खाली आणली, की खालची जड हवा तिला चारी बाजूंनी दाबते."

"आणि खालून बंद करून वर नेलं तर?"

"फुगतं. बेडकासारखं. बिस्किटांचे पुडे फटाफट फुटायचे पूर्वी. म्हणून तर टाचण्या भोकं पाडतो."

मी तसाच उभा राहिलो. धुक्याच्या पलीकडून कोणीतरी शिडी ओढत नेत होतं, तिच्या चाकांचा आवाज खूप लांबून, झोपेत ऐकू यावा तसा येत होता. एकतीस वर्षं मी वस्तूंचं वजन करत आलो. हवेचंही वजन असतं हे मला आज, एका बाटलीकडून कळत होतं.

"मामा? बरं वाटत नाही का?"

"तो फोटो," मी म्हणालो. "उतरवतानाचा फोटो पाहायला हवा."

आणि माझ्या वयाला जेवढं पळता येतं तेवढा मी पळालो.

४

पोलिसांच्या खोलीत टायपिस्टबाई एकट्याच होत्या. त्यांच्या टेबलावर एक कुंडी होती आणि त्या तिला चमच्याने पाणी घालत होत्या. मी साहेबांकडून आणलेला फोटो त्यांच्या टेबलावर ठेवला.

फोटोत पाकीट होतं. चोपलेलं नव्हतं. सैल, जरा सुरकुतलेलं, जोडाच्या कडांना पांढऱ्या रेघा.

"बाई, हे पाकीट बंद करताना तुम्ही होतात?"

"फाईल मीच आत घातली. निळी फीत बांधून." त्यांनी चमचा खाली ठेवला. "बंद करताना नव्हते."

"का?"

"नियमाने दोघांनी असायला हवं. पण सुभेदारसाहेब म्हणाले, जावक नोंदवही घेऊन या. ती शेजारच्या खोलीत असते. मी आले तोवर पाकीट चिकटवून झालं होतं."

"तुम्ही काही म्हणालात?"

"काय म्हणणार? साहेब कधी नियम मोडत नाहीत, म्हणून तर लक्षात राहिलं. नोंदवही पुढच्या कपाटात नव्हती, मागच्या होती. मला वेळ लागला. ते थांबले असते तर बरं झालं असतं." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मामा, ही नोकरी घालवू नका माझी."

"नाही घालवणार."

बाहेर फाटकावरचा पहारेकरी बूट घासत होता. चांगला चाळिशीचा, उंच, जरा वाकलेला माणूस. मी त्याच्याशेजारी पायरीवर बसलो.

"सतरा दिवसांपूर्वी फाटकावरून कोणाला परत पाठवलं होतंस का रे?"

"तिघांना. दोन ठेकेदाराची माणसं. आणि एक बाई. म्हातारी नाही म्हणता येणार, पण खंगलेली. दवाखान्यात जायचं होतं. कागद होता, त्यावर डॉक्टरांचा शिक्का नव्हता."

"मग?"

"नियम आहे, मामा. परत पाठवलं. ती त्या समोरच्या बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळाने पाहिलं तर नव्हती."

"काही बोलली?"

"म्हणाली, आत माझा धाकटा भाऊ आहे. म्हटलं, नाव सांगा, बोलावतो. तर म्हणाली, नको रे बाबा, त्याच्या अंगावर येईल." तो ब्रश हातात धरून बसून राहिला. "हमाल-बिमाल असेल तिचा भाऊ. मला अजून आठवते ती. मी पाणी तरी विचारायला हवं होतं."

मला मात्र वेगळंच आठवत होतं. आठवड्यापूर्वीची दुपार. सुभेदार एका दिवसाची खाजगी रजा काढून हेडक्वार्टरच्या शहरात जाऊन आले होते. परत आल्यावर, काही गरज नसताना, माझ्या काट्यावर येऊन उभे राहिले. काटा थरथरून स्थिर झाला तरी उतरेनात.

"मामा," त्यांनी विचारलं होतं, "आजाऱ्याचं गेलेलं वजन परत यायला किती दिवस लागतात?"

"खाल्लं तर महिन्याला दोनेक किलो," मी सांगितलं होतं. ते काट्याकडे बघत म्हणाले होते, "बरेच दिवस लागतील मग."

"माझ्या पायरीवर काय चाललंय?" मागून आवाज आला.

सुभेदार उभे होते. इस्त्रीची घडी जागच्या जागी, मिशा कातरलेल्या. डोळे मात्र जागरणाने लाल.

मी उठलो. "सुभेदार, मला तुमची दोन नवी पाकिटं हवीत. उद्याच्या विमानात घेऊन जायची आहेत. एक इथे जमिनीवर तुम्ही बंद करायचं आणि दुसरं वर गेल्यावर, तेही तुम्हीच."

"माझ्या पाकिटांची परीक्षा घेताय?"

"पाकिटांची नाही. हवेची."

 मला वाटलं, नाही म्हणणार.

"मी येईन," ते म्हणाले. "कैदी मलाच पोचवायचा आहे."

५

दुसऱ्या दिवशी मी माझ्या स्वतःच्या काट्यावर उभा राहिलो आणि यादीत लिहिलं, काटेवाला, एकसष्ट किलो.

जमीन सुटली ते मला कळलंच नाही. खिडकीतून पाहिलं तर आमची शेड काडेपेटीएवढी झाली होती. मग पांढरं, सगळीकडे पांढरं, आणि मग अचानक ऊन. खाली ढग पिंजून पसरल्यासारखे. त्यांच्यावर आमच्या विमानाची सावली, भोवती एक फिकट गोल इंद्रधनुष्य, आणि ती सावली आमच्याबरोबर निमूट चालली होती. आवाज इतका की तो हळूहळू ऐकूच येईनासा झाला. बोलायचं तर एकमेकांच्या कानाला तोंड लावावं लागे.

त्या दिवशी आम्ही तिघंच प्रवासी. टाचण्या बेड्या घालून माझ्या समोर बसला होता. त्याच्या जागी आलेला माणूस माल बांधून गेला होता, आणि टाचण्या त्या बांधणीकडे बघून नुसता तळमळत होता. शेवटी तो सुभेदारांच्या कानाशी ओरडला, "साहेब, तो तिसरा पट्टा उलटा आहे! खोकं पायावर येईल कोणाच्या तरी!"

सुभेदारांनी पट्ट्याकडे पाहिलं. मग मान हलवली. टाचण्या बेड्यांसकट उठला, गुडघ्याने खोकं रेटलं, पट्टा सोडला, उलटवला, ताणला आणि समाधानाने परत येऊन बसला.

माझ्या मांडीवर पहिलं पाकीट होतं. जमिनीवर सुभेदारांनी स्वतः चिकटवलेलं, आत बत्तीस कोरे कागद. विमान चढत होतं तसं ते फुगत होतं. आधी पोटापुरतं, मग कडांपर्यंत, मग असं टम्म की कागद आत मोकळे हलू लागले. जोड ताणले गेले. मी ते सुभेदारांच्या डोळ्यांसमोर धरलं. कडेने बारीक पांढऱ्या रेघा उमटत होत्या, काचेवर दहिवर धरावं तशा, हळूहळू, एकेक.

सुभेदारांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"हे कोणी उघडलं नाही," मी त्यांच्या कानाशी म्हणालो. "तुम्ही टाचणी लावू दिली नाहीत, म्हणून हवेनेच ताणलं."

आता दुसरं पाकीट. मी कागद आत घातले, सुभेदारांनी चिकटपट्टी दाबून बसवली. त्यांची बोटं थंडीने निळसर झाली होती. वर सही केली, कशीबशी.

आम्ही दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी ठेवली, आणि वाट बघत बसलो. टाचण्याला सगळं कळलं होतं. तो डोळे मिटून, डोकं मागे टेकून बसला होता. खाली कुठे तरी त्याची मुलगी शाळेतून घरी येत असेल.

विमान उतरू लागलं. कानात दडे बसले. पहिलं पाकीट सैल पडलं, सुरकुतलं, अगदी फोटोतल्यासारखं. दुसरं मात्र आखडू लागलं. प्लॅस्टिक कागदांना चिकटलं, मग कागदांच्या कडा त्यातून उठून दिसू लागल्या, मग ते असं घट्ट बसलं की जणू ओलं फडकं पिळून गुंडाळलंय.

मी खिशातून फोटो काढला आणि दोन्ही पाकिटांच्या मध्ये ठेवला.

सुभेदार एकदा फोटोकडे बघत, एकदा पाकिटांकडे. मग त्यांनी बघणं थांबवलं.

६

खाली धावपट्टी मोकळी नव्हती. कॅप्टन होतो त्याच उंचीवर एक लांब चक्कर मारत होते. ढगांतून उन्हाचे पट्टे येऊन विमानाच्या आतल्या भिंतीवरून सावकाश फिरत होते.

"वर बंद केलं असतं तर ते असं आखडलं असतं," मी म्हणालो. "फोटोतलं आखडलेलं नाही. म्हणजे ते वर उघडून पुन्हा बंद केलेलं नाही. आणि उतरताना तर टाचण्या अकरा लोकांसमोर बांधलेला होता. कोरे कागद जमिनीवरच आत गेले, सुभेदार. पाकीट बंद व्हायच्या आधी. तुमच्या खोलीत."

सुभेदारांनी दुसरं पाकीट उलटं करून ठेवलं.

"बाईंनी फाईल आत घातली. पहारेकऱ्याला पाकीट मिळालं ते बंद झालेलं. मध्ये एकच माणूस. त्याने बाईंना नोंदवही आणायला पाठवलं आणि एकट्याने पाकीट बंद केलं. दुसऱ्या कोणी तसं केलं असतं तर बाईंच्या लक्षातही राहिलं नसतं. तुम्ही केलंत, म्हणून राहिलं."

"कारण?" सुभेदारांनी विचारलं. चौकशी करताना विचारतात तसंच, सवयीने.

मी त्यांच्या आणखी जवळ सरकलो.

"ताई कशा आहेत?"

त्यांचा चेहरा हलला नाही. फक्त गणवेशाचं वरचं बटण, जे मी कधी उघडं पाहिलं नव्हतं, ते त्यांनी उघडलं. छातीशी हात घातला आणि निळ्या फितीची फाईल बाहेर काढली.

"जाळली नाही," ते म्हणाले. "सरकारी कागद जाळायचा नियम नाही."

मग ते बोलत राहिले आणि मी कान त्यांच्या तोंडाशी धरून बसलो. आई गेली तेव्हा सुभेदार चार वर्षांचे होते. ताईने वाढवलं. आजारी पडली तरी तिने कळवलं नाही, भावाची ओळख लावून आत आली असं कोणी म्हणायला नको म्हणून. फाटकावरून परत गेली. पुढे काय झालं ते त्यांना दवाखान्याच्या पत्रातून कळलं, फाईल टाईप होऊन हेडक्वार्टरने ती मागवल्यावर.

"मी भेटायला गेलो. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. आणि ताई मला काय म्हणाली माहीत आहे, मामा? म्हणाली, तुझ्या फाटकावरचा माणूस चांगला आहे हो, नियमाने वागतो." त्यांनी फाईलची फीत सरळ केली. "फाईल पाठवली तर ज्याने तिला वाचवलं तो जातो. अडवली तर हुकूम मोडतो. वाटलं, कोरे कागद गेले की ते म्हणतील, चूक झाली, पुन्हा पाठवा. तेवढ्यात दोन महिने निघतात, प्रकरण थंड होतं. हा वर उघडल्यासारखा दिसेल, चोरी ह्याच्यावर येईल, हे मला कुठे ठाऊक होतं? मी जमिनीवरचा माणूस."

"कळल्यावर तरी बोलायचं."

"पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांना विचारत आलो, मामा. काल दिवसभर तोंड उघडत होतो आणि मिटत होतो."

ते उठले. विमान कललं होतं, म्हणून छताचा दोर धरून टाचण्यासमोर उभे राहिले आणि किल्ली काढली. बेड्या सुटल्या तरी टाचण्या मनगटं पुढे धरूनच बसला होता.

"तुम्हाला कोणी सांगितलं, साहेब?" तो ओरडला. "मी नाही हं! ताईंना शब्द दिला होता मी. भावाला कळू द्यायचं नाही म्हणून."

"माहीत आहे."

"मग आता तुमचं कसं?"

"उतरल्यावर मी ही फाईल हेडक्वार्टरच्या हातात देणार आहे. वर एक कागद जोडून. त्यात पंधराव्या माणसाचं नाव असेल, आणि कोरे कागद कोणी घातले त्याचंही." सुभेदारांनी बटण लावलं. "तुलाही जाब द्यावा लागेल. यादीत नसलेलं माणूस नेलंस ते नेलंसच."

"तो देईन की," टाचण्या म्हणाला. "त्याला कधी नाही म्हटलं?"

मनगटं चोळत तो पुढे कॅप्टनकडे गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याने सुभेदारांना हाताने खुणावलं. "पुढे बोलावलंय."

कॅप्टनच्या खोलीत पोलिसाने पाऊल ठेवायचं नाही, हा कॅप्टनचा कायदा. सुभेदार दारापाशी अडखळले. मी त्यांच्या मागे होतो, मी त्यांना पाठीत हलकेच लोटलं.

पुढे काच होती आणि काचेत सगळं आभाळ. कॅप्टननी मान वळवली नाही.

"डावीकडे बघा," ते म्हणाले. "नदी वळते तिथे. लाल छपराची लांब इमारत."

विमान डावीकडे झुकलं. ढग बाजूला झाले आणि खालून नदी वर आली, मग झाडं, मग ते लाल छप्पर. दवाखान्याच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. माणसं ऊन खात बसली होती, पांढऱ्या कपड्यांत, ठिपक्यांसारखी. आवाज ऐकून एकेक तोंड वर होत होतं, पण कोणाचं कोणतं ते कळत नव्हतं.

सुभेदारांनी काचेला कपाळ टेकवलं.

"इतकं खाली आणायची परवानगी आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही," कॅप्टन म्हणाले.

 लाल छप्पर पंखाखालून सरकायला लागलं होतं.

"अजून थोडं खाली घ्या," सुभेदार म्हणाले.